मुलुंड–भांडुप–कांजूरची मिठागरे आणि धारावीकरांची घरे : हरकत नोंदवायची तर कोणत्या मुद्द्यांवर?

मुलुंड_पूर्व :

नमस्कार. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पासाठी घेण्यास मान्यता दिली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. त्यात कांजूरचे आर्थर मिठागर (१२०.५ एकर), कांजूर आणि भांडुपमध्ये पसरलेले जेनकिन्स मिठागर (७६.९ एकर) आणि मुलुंडचे जमास्प मिठागर (५८.५ एकर) यांचा समावेश आहे. जमीन केंद्र सरकारची असून ती राज्याकडे येऊन पुढे भाडेपट्ट्याने प्रकल्पाकडे जाईल आणि तेथे भाड्याची व परवडणारी घरे उभी राहतील, असे या निर्णयाचे स्वरूप आहे.

आमच्या वसाहतीत या विषयावर सभा होत आहेत आणि माझ्याकडे हरकतीचा मसुदा तयार करण्याचे काम आले आहे. सभांमध्ये जे ऐकू येते त्यातले बरेचसे मला कागदावर उतरवायचे नाही. ‘ते लोक इथे आले तर आपल्या घरांच्या किमती पडतील’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची मला लाज वाटू लागली आहे. ज्यांच्या श्रमावर हे शहर चालते त्यांना घर मिळू नये, अशी हरकत मी कधीही लिहिणार नाही. दुसरीकडे, रेल्वे, पाणी आणि रुग्णालये आधीच अपुरी पडत असलेल्या उपनगरात खाजणाच्या पट्ट्यावर हजारो घरे बांधण्याचा निर्णय मुकाट्याने मान्य करावा, असेही मला वाटत नाही.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारते. मीठ पिकवणे थांबलेली ही जमीन आज नेमके कोणते काम करते? ज्यांना इथे आणायचे आहे त्या धारावीकरांचे स्वतःचे म्हणणे काय आहे? आणि सामान्य नागरिकाच्या पत्राला कायद्याने काही वजन मिळेल, असा टप्पा या प्रक्रियेत कोठे आहे?

नाले_आणि_निचरा :

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन, कारण पर्जन्यजलाच्या निचऱ्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

वर्तमानपत्रांतून मिठागरांना शहराचा ‘स्पंज’ म्हटले जाते. हे वर्णन चुकीचे आहे आणि आपल्या हरकतीत ते येऊ देऊ नका, कारण समोरचा अभियंता ते एका मिनिटात खोडून काढील. खाडीकाठची ही माती चिकट, समुद्री गाळाची आहे. तिच्यातून पाणी फारसे मुरत नाही आणि मुरत नाही म्हणूनच तेथे मीठ पिकवता येत होते. या जमिनीचे काम पाणी शोषण्याचे नसून ते काही तास थोपवून धरण्याचे आहे.

मुलुंड, भांडुप आणि कांजूरच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. तेथे पडलेला पाऊस नाल्यांनी उतरतो, लालबहादूर शास्त्री मार्गाखालून, मध्य रेल्वेखालून आणि मग पूर्व द्रुतगती महामार्गाखालून जाऊन ठाण्याच्या खाडीला मिळतो. डोंगरापासून खाडीपर्यंतचे अंतर थोडे आणि उतार सुरुवातीला तीव्र असल्यामुळे पाणी फार वेगाने खाली येते, आणि रेल्वेच्या पूर्वेला उतार जवळजवळ संपत असल्यामुळे तेथे ते रेंगाळते. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, ती ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे उद्दिष्ट ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाने ठेवले. पण मोठी भरती असली की नाला कितीही रुंद असो, खाडीच्या तोंडाशी पाणी पुढे सरकत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते कोठेतरी थांबावे लागते. थांबायला सखल मोकळी जागा नसेल तर ते रस्त्यांवर आणि तळमजल्यांच्या घरांत थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीच्या काठी भराव आणि बांधकामे यांनी काय केले ते सर्वांनी पाहिले आहे.

आता हिशेब करू. २५५.९ एकर म्हणजे सुमारे १०.३६ लाख चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रावर सरासरी फक्त ३० सेंटिमीटर पाणी उभे राहिले तरी ते सुमारे ३१ कोटी लिटर भरते. हे केवळ अंकगणित झाले. त्या तीन जागांवर प्रत्यक्षात किती पाणी येते, कोणत्या नाल्याचे येते आणि किती वेळ राहते, हे जमिनीच्या उंचसखलपणाचे मोजमाप आणि भरतीच्या नोंदी एकत्र मांडल्यावरच कळेल. बांधकाम करायचे तर आधी भराव टाकून जमीन उंच करावी लागेल, आणि भराव पडला की तेथे थांबणारे पाणी शेजारच्या सखल वस्तीकडे वळेल. त्यामुळे माझ्या मते हरकतीचा मुख्य मुद्दा असा असावा, की पूरस्थितीचा स्वतंत्र अभ्यास पूर्ण होऊन तो लोकांसमोर येईपर्यंत भरावाचा एकही ट्रक आत जाऊ नये.

रोहित पक्ष्यांचा मुद्दा आपण घेणार असाल तर जपून घ्या. त्यांचे मोठे थवे खाडीच्या चिखलपट्ट्यांवर आणि पाणी असलेल्या उथळ जागांवर उतरतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला तो त्या संपूर्ण परिसंस्थेसाठी. कोरड्या पडलेल्या मिठागरावर रोहित दाखवा, असे कोणी म्हटले तर अडचण होईल.

भाड्याचे_घर_भांडुप :

मी भांडुप पश्चिमेला चाळीत भाड्याने राहतो आणि दर ११ महिन्यांनी नव्या करारासाठी नवे घर शोधतो. या चर्चेत माझ्यासारख्यांचे म्हणणेही यावे, म्हणून लिहीत आहे.

प्रकल्पाच्या बाजूने असे सांगितले जाते, की या जागा महामार्गाच्या शहराकडील बाजूला आहेत, महामार्ग झाल्यापासून तेथे समुद्राचे पाणी पोहोचत नाही आणि कित्येक वर्षे तेथे मीठही निघालेले नाही. हे खरे असेल तर ही जमीन राखीव ठेवण्याचा फायदा कोणाला, असा प्रश्न कोणीही विचारील. याच महामार्गालगत, अशाच सखल जमिनीवर भराव टाकून उच्चभ्रूंच्या मोठमोठ्या इमारती झाल्या, तेव्हा कोणत्या वसाहतीने पुराचा अभ्यास मागितला होता? पर्यावरणाची आठवण नेमकी गरिबांच्या घरांच्या वेळी होते, तेव्हा आमच्यासारख्यांना त्या आठवणीवर विश्वास ठेवणे जड जाते.

निचऱ्याबद्दल जे वर लिहिले आहे ते मला पटते, कारण पाणी तुंबते तेव्हा ते आमच्याच घरात शिरते. पण या शहरात बांधण्याजोगी जमीन जवळजवळ संपली आहे आणि पगारदार माणसाला अंबरनाथ-बदलापूरच्या पलीकडे जावे लागते आहे, हेही तितकेच खरे आहे. ‘इथे नको’ म्हणणाऱ्याने ‘मग कोठे’ याचे उत्तर त्याच कागदावर लिहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

कुंभारवाडा :

माझे सर्व आयुष्य धारावीत गेले आहे आणि आमच्या भविष्याची चर्चा मुलुंडमध्ये, कुर्ल्यात, देवनारला आणि मालवणीत होते, फक्त आमच्या गल्लीत होत नाही, असे मला गेली दोन-तीन वर्षे वाटते आहे. ताईंनी आमचे म्हणणे विचारले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

आधी नियम समजून घ्या. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळणार आहे. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातल्या तळमजल्याच्या रहिवाशाला धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचे घर अडीच लाख रुपयांत मिळेल. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत आलेल्यांना आणि पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सर्वांना धारावीबाहेर भाड्याची, पुढे विकत घेण्याची सोय असलेली घरे मिळतील. मुलुंड-कांजूरच्या मिठागरांवर जी घरे होतील ती या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची.

कागदावर हे गट वेगवेगळे दिसतात, घरात ते वेगवेगळे नाहीत. आमच्याकडे खाली आईवडील आणि वर लग्न झालेला मुलगा, अशीच रचना असते. संसार वाढला की माणूस वरचा मजला चढवतो, कारण दुसरी जागा घेण्याची ऐपत नसते. या नियमाने आईवडील धारावीत राहतील आणि मुलगा, सून, नातवंडे मुलुंडला जातील. म्हातारपणी कोणी कोणाकडे पाहायचे?

दुसरी गोष्ट कामाची. कुंभारवाड्यात माती मळणे, चाक, भट्टी आणि विक्री हे सगळे एकाच अंगणाभोवती चालते. चामड्याचे काम, शिवणकाम, प्लास्टिक वेगळे करणे, पापड लाटणे, यांतले बहुतेक काम घरात किंवा घराला लागून होते. कारखान्याचा मालक मुलुंडपर्यंत माल पोहोचवत नाही. घरी बसून शिलाई करणाऱ्या बाईला रोज लोकलने सायनला यायचे झाले तर ती कमाई भाड्यात जाईल, आणि तान्हे मूल असेल तर ती येऊच शकणार नाही.

तिसरी गोष्ट माहुलची. तानसा जलवाहिनीलगतच्या घरांतून लोकांना माहुलला हलवले, तेव्हा पक्क्या इमारती दिल्या म्हणून सर्वांनी पाठ थोपटून घेतली. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या हवेने माणसे आजारी पडू लागली आणि अखेर उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले, की या कुटुंबांना दुसरीकडे सुरक्षित घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या चिकटून बांधल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही. तेथील क्षयरोगावर तर अभ्यास झाले आहेत. त्यामुळे भांडुपच्या दादांना माझे एवढेच सांगणे आहे, की ‘गरिबांची घरे’ हा शब्द ऐकताच होकार देऊ नका, घर कसले आणि कोठे ते विचारा.

‘मग कोठे’ याचे उत्तर माझ्याकडे आहे. धारावी सुमारे ६०० एकरांची आहे आणि तिला लागून माटुंग्याच्या बाजूची सुमारे ४५ एकर रेल्वेची जमीन याच प्रकल्पासाठी घेतली आहे. आधी धारावीतल्या सर्व कुटुंबांना, वरच्या मजल्यांसकट, तेथेच घर द्यावे आणि उरलेल्या जागेवर विक्रीच्या इमारती बांधाव्यात. सध्या क्रम उलटा आहे. बाहेर किती जणांना पाठवायचे यावर धारावीत विक्रीसाठी किती जागा मोकळी होणार हे ठरते, आणि प्रकल्पात ८० टक्के वाटा खासगी कंपनीचा व २० टक्के सरकारी प्राधिकरणाचा असल्यावर त्या मोकळ्या जागेचे मोल काय, हे सांगायला नको. मुलुंडचे लोक आमच्या विरोधात नसतील तर त्यांनी आपल्या हरकतीत ‘धारावीकरांचे पुनर्वसन धारावीतच’ ही मागणी लिहावी.

खाडीकाठ_कांजूर :

आमचे घराणे आगरी. आजोबा मिठागरावर होते, म्हणून थोडे लिहितो.

पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे, भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत ते आटवायचे आणि उन्हाळ्यात मीठ ओढायचे, असे ते काम होते. पावसाळ्यात तेच वाफे गोड्या पाण्याने भरत आणि उघाडी ओहोटीला उघडून ते सोडले जाई. म्हणजे निचऱ्याची राखण करणारी माणसे तेथे होती. मिठागर बंद पडले, बांध फुटले, उघाड्या गंजल्या, नाल्यांत राडारोडा पडला, आणि आता तीच दुरवस्था दाखवून जमीन निरुपयोगी ठरवली जाते, याचे मला दुःख होते.

मालकीबद्दलही विचारा. ही जमीन केंद्राच्या मीठ आयुक्तांची की राज्याची, हा वाद फार जुना आहे, आणि काही ठिकाणी खासगी दावेही आहेत. कांजूरची १०२ एकर जागा २०२० मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दिली, तेव्हा केंद्र न्यायालयात गेले आणि १६ डिसेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने त्या हस्तांतरणाला स्थगिती दिली. सार्वजनिक मेट्रोसाठी ज्या पट्ट्यावर केंद्र आणि राज्य यांचे जमले नाही, त्याच पट्ट्यावर चार वर्षांनी सहज एकमत झाले. मिठागर कामगारांचे आणि खाडीत मासेमारी करणाऱ्यांचे काय ठरले, तेही त्याच कागदावर मागा.

नगररचना_वाचक :

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. नागरिकांनी हे नीट समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण बोलण्याच्या जागा वाटतात त्यापेक्षा कितीतरी कमी आहेत.

पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल, अशी अनेकांची समजूत असते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांना मंजुरी लागते, मात्र इमारती आणि वसाहती या गटाला जनसुनावणीतून वगळलेले आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणाचाही आधार घेता येत नाही, कारण २०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून मीठ उत्पादनासाठी मानवाने तयार केलेल्या जागा बाहेर ठेवल्या आहेत. माझ्या मते हा या नियमांतला सर्वांत मोठा दोष आहे, पण तो आज कायदा आहे. तिवरांबाबत मात्र स्थिती भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तिवरे तोडण्यास आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करण्यास मनाई केलेली आहे. त्यामुळे तीनही जागांच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून तिवरे कोठे आहेत याचा नकाशा आपल्या हरकतीसोबत असायला हवा.

नागरिकाच्या लेखी म्हणण्याला सर्वाधिक वजन मिळते ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली. विकास आराखड्यात जमिनीचा वापर बदलायचा असेल तर सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणी द्यावी लागते. मुदत साधारण एका महिन्याची असते आणि सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रात लहान अक्षरात येते, म्हणून कोणीतरी रोज लक्ष ठेवावे. एकाच मसुद्याच्या शेकडो प्रती दिल्या तर त्या सुनावणीत एकच मुद्दा म्हणून निकालात निघतात. दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे पुराव्यासह दिले तर प्रत्येकाची दखल अहवालात घ्यावी लागते, आणि पुढे न्यायालयात जाण्याची वेळ आली तर तोच अहवाल उपयोगी पडतो.

तोपर्यंत माहितीच्या अधिकाराखाली जमिनीच्या पातळ्यांचे नकाशे, माती परीक्षण, नाल्यांचा आणि पुराचा अभ्यास झाला असल्यास त्याची प्रत, भाडेपट्ट्याच्या अटी, आणि कोणत्या गटातली किती कुटुंबे कोणत्या जागेवर जाणार याची आकडेवारी मागावी. अभ्यास झालेलाच नाही, असे लेखी उत्तर आले तर त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

मुलुंड_पूर्व :

सर्वांची मी ऋणी आहे. आजच्या सभेत मसुदा नव्याने मांडणार आहे. पहिली मागणी कुंभारवाड्याच्या दादांनी सुचवलेली, धारावीकरांचे पुनर्वसन धारावीतच करावे ही असेल. काही सभासदांना ती आवडणार नाही याची कल्पना आहे, पण ती वगळून मी सही करणार नाही. त्यानंतर पुराचा अभ्यास, तिवरांचा नकाशा आणि मिठागर कामगारांचा प्रश्न येईल. घरांच्या किमतींचा उल्लेख कोठेही नसेल. भांडुपच्या दादांचा आक्षेपही मी वाचून दाखवणार आहे, कारण महामार्गालगतच्या आधीच्या भरावांबद्दल आम्ही गप्प राहिलो हे खरे आहे, आणि त्या भरावांचा परिणामही याच अभ्यासात मोजला जावा अशी मागणी करता येईल.

एक शंका राहते. समुद्राचे पाणी महामार्गाने अडवले आहे, हा युक्तिवाद सुनावणीत नक्की येईल. त्याला काय उत्तर द्यावे? आणि आम्ही सामान्य माणसे स्वतः काही नोंदी करू शकतो का?

नाले_आणि_निचरा :

समुद्राचे पाणी आत न येणे आणि पावसाचे पाणी बाहेर न जाणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खारे पाणी येत नाही म्हणून ती जागा पावसाच्या पाण्यासाठी अधिकच रिकामी राहते. युक्तिवाद करणाऱ्याला इतकेच विचारावे, की महामार्गाखालच्या मोऱ्यांचे तोंड भरतीने बंद असते त्या तासांत डोंगरावरून आलेले पाणी सध्या कोठे उभे राहते आणि भराव झाल्यावर कोठे उभे राहील.

नोंदी अवश्य करा. मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा महापालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. त्यांतले ४.५ मीटरवरचे दिवस निवडून, भरतीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास, महामार्गाखालच्या मोऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पाण्याची पातळी कोठवर आली ते एकाच ठरावीक जागेवरून छायाचित्रात घ्या. छायाचित्रावर दिनांक आणि वेळ असू द्या, आणि त्या दिवशीचा भांडुप व मुलुंडचा पाऊस महापालिकेच्या पर्जन्यमापक केंद्राच्या नोंदीतून सोबत लिहा. मोऱ्यांच्या जवळ जाताना भरतीत खाली उतरू नका, पुलावरूनच छायाचित्रे घ्या. पावसाळ्याच्या नोंदी जमल्या की मला इथेच कळवा, तक्ता करून देईन.